एकशे सत्तावीस नंबरच्या घरातली पिल्लं

त्या काळी फोटो वरून खाली उतरायचा. लातूरच्या क्लासेसच्या गल्लीत एक सायबर कॅफे होतं. प्लायवूडचे कप्पे, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, आणि समोरच्या पडद्यावर आधी आभाळाची एक पट्टी. मग काहीच नाही. मग आणखी एक पट्टी, मग गवताची टोकं, मग दोन कान. कान आल्यावर कळायचं की ससा आहे की खोकड. पुरता प्राणी यायला कधीकधी चहा पिऊन व्हायचा. फोटो मीच काढलेला असे, त्यात काय आहे ते मला ठाऊक असे, तरी तो असा थांबत थांबत उतरताना वाटायचं की दुसऱ्या कुणाला पडलेलं स्वप्न आपण चोरून बघतोय.

मी मूळचा हदगावकडचा. घरी सगळे मास्तर आणि कारकून. लातूरला आलो तो प्राणिशास्त्र शिकवायला. भूकंपाला तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली होती आणि क्लासेसना नुसता ऊत आला होता. चौकाचौकांत गुणवंत मुलांचे फोटो लावलेले फलक, सकाळी सहाला सायकलींची रांग, एकेका बॅचला दीडशे पोरं. मी खडूनं बेडकाचं हृदय काढायचो आणि दीडशे वह्यांत ते उतरायचं. माझ्याकडं बघत कुणी नसायचं, फळ्याकडं बघायचे. मला तेच बरं वाटायचं. मी कमी बोलणारा माणूस.

म्हणूनच बहुतेक मी एका संकेतस्थळावर रमलो. मराठी माणसांनीच चालवलेलं होतं ते. कुणी कविता टाकी, कुणी चित्रं, कुणी लोणच्याची कृती. त्यात एक दालन प्राण्यापक्ष्यांच्या आणि रानावनाच्या फोटोंचं होतं. मी लांब झूमचा एक डिजिटल कॅमेरा घेतला होता. रविवारी मोटरसायकल काढून माळावर जायचं, पोटावर पडून राहायचं आणि सोमवारी कॅफेत बसून फोटो चढवायचा. टोपणनाव घेतलं होतं. पुण्याची, नाशिकची, दुबईची, अमेरिकेतली माणसं त्याखाली लिहायची. नाशिकच्या एक बाई इतरांच्या फोटोंवरून जलरंगात चित्रं काढत. त्यांनी माझा चंडोल काढला आणि तिथं चढवला. माझ्या माळावरचा तो मातकट पक्षी, त्यांनी त्याच्या पोटाखाली थोडी निळी सावली दिली होती. ती मला कधी दिसलीच नव्हती. पुढच्या रविवारी माळावर गेलो तर खरंच होती.

तिथंच एकदा माझ्या फोटोखाली एका गृहस्थानं लिहिलं, "लातूर? तिथं वन्य प्राणी म्हणजे पहाटे क्लासला पळणारी पोरंच ना? आणि भूकंप?" खाली पंधरा जणांनी हसरे चेहरे टाकले. मीही एक टाकला. आणि मनात गाठ मारून ठेवली. सह्याद्रीतल्या लोकांकडं गवे होते, ताडोबाकडच्यांकडं वाघ. आमच्याकडं काय आहे ते यांना एकदा दाखवायचं, असं ठरवूनच बसलो.

आता मावशींबद्दल सांगायला पाहिजे. मी त्यांचं नाव लिहीत नाही. हे लिहू का म्हणून त्यांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, लिवा, पण गावाचं नाव टाकू नका. म्हणून तेही लिहीत नाही.

मावशींची मेस होती. क्लासच्या गल्लीच्या मागं, पत्र्याच्या दोन खोल्या. चाळीसएक पोरं दोन वेळचं जेवायची, त्यांच्यातच मी. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या. पोरांना दम देऊन वाढायच्या: "मार्कं डोक्यात्नं येतेत, आन डोकं पोटात्नं चालतं, भाकर घे आजून." मी जेवता जेवता कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर त्यांना फोटो दाखवायचो. हाताला पीठ असल्यानं त्या हात मागं बांधून वाकून बघायच्या. टिटवी बघून म्हणाल्या, ही आमच्या रानातली वाटती. त्यांचं रान कुठलं ते मला दुसऱ्यांकडून कळलेलं होतं. भूकंपात पडलेल्या गावांपैकी एक. घरात सासू, नवरा आणि तीन वर्षांची मुलगी होती. मावशी त्या दिवशी माहेरी, मुखेडला. भाऊ आजारी म्हणून गेल्या होत्या. येष्टीत गर्दी म्हणून मुलीला आजीपाशी ठेवलेलं. एवढंच मला माहीत होतं आणि एवढ्यावर मी कधी तोंड उघडलं नव्हतं.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर ओस पडतं. येळवस म्हणतात तिला, वेळा अमावस्या. सगळं शहर रानात जातं, कडब्याची कोप करतात, भज्जी, उंडे आणि मडक्यातली आंबील घेऊन लोक दिवसभर शिवारात असतात. आमच्या हदगावकडं ही अमावस्या अशी नसते. क्लास बंद, मेस बंद, मी एकटा खोलीवर. मावशी म्हणाल्या, "सर, उपाशी मरताव का? चला माझ्या दिराच्या रानात." गेलो. ज्वारी कमरेच्या वर आलेली, करडई पिवळी होऊन राहिलेली, आणि आंबील इतकी आंबट-गार की दोन तांब्यांनंतर डोळ्यांवर झापड यायला लागली. माझी तरी आली. दुपारी सगळे कोपीच्या सावलीत लवंडले तेव्हा मावशींनी लोटा भरून आंबील घेतली आणि मला खूण केली. म्हणाल्या, कॅमेरा घ्या अन् माझ्यासंगं या.

रानाच्या पलीकडंच जुनं गाव. लोक केव्हाच नव्या वस्तीत राहायला गेलेले, इथं नुसते दगडांचे ढीग, त्यांतून वर आलेल्या बाभळी आणि सीताफळी. मावशी पुढं चालत होत्या. चालताना मध्येच डावीकडं वळायच्या, थोडं जाऊन उजवीकडं. वाट अशी काही नव्हतीच, मोकळी जागा होती, म्हणून मी सरळ निघालो. त्या थांबल्या.

"सर, तुम्ही लोकांच्या घरात्नं चाललाव."

मी मागं फिरलो आणि त्यांच्या पावलांमागं पाऊल टाकत गेलो. त्या गल्लीतून चालत होत्या. गल्ली मला दिसत नव्हती, पण त्यांच्या मागं चालता चालता हळूहळू जाणवायला लागली. कोपरा आला की खांदा आपसूक आत घ्यावासा वाटायचा. हे सुताराचं, त्या म्हणायच्या. हितं गिरण. ह्या मारुतीच्या पाठीमागं आमची आळी. पडीक दगडांवर दुपारचं ऊन होतं, कुठं होला घुमत होता, आणि मला आंबिलीच्या गुंगीत असं वाटत होतं की थोडा वेळ आणखी असंच चाललो तर चुलींचा धूर दिसायला लागेल.

त्यांच्या घराची एकच भिंत उभी होती, छातीइतकी. त्या भिंतीच्या दगडावर तांबड्या रंगात आकडा होता. १२७. उन्हापावसानं विटका झालेला. घरासमोर पूर्वी पेव होतं, म्हणजे जमिनीत खणलेलं ज्वारीचं कोठार. भूकंपात त्याची एक बाजू खचली होती आणि आत उतरायला तिरकी घळ तयार झाली होती. मावशींनी जिथं उंबरा असावा तिथं आंबील ओतली, हात जोडले नाहीत, काही पुटपुटल्या नाहीत, नुसता लोटा पालथा केला. मग मला भिंतीआड बसवलं. आम्ही बसून राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही.

पेवाच्या तोंडाशी आधी एक काळसर नाक आलं. मग एक पिल्लू, मग दुसरं, असं करत चार. लांडग्याची. डोळे नुकते उघडलेली, गाभुळलेल्या चिंचेच्या रंगाची. ती पडक्या घराच्या तापलेल्या पायरीवर आली आणि एकमेकांवर चढून पडून राहिली. आई कुठं तरी माळावर होती. मी कॅमेरा उचलला आणि खाली ठेवला, कारण शेजारी मावशी रडत असतील असं मला वाटलं. त्या रडत नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. घरी पाहुणे आलेत आणि त्यांना वाढायचं आहे, असं काहीतरी.

"माझ्या घरात लेकरं हायत, सर," त्या म्हणाल्या.

परतताना त्यांनी बजावलं. फोटो काढा, मला एक द्या. पण कुणाला दावू नका. मेंढरंवाल्यांना कळालं तर ठिवणार न्हाईत. मी म्हटलं, नाही दाखवणार.

"कुणाला म्हंजे कुणालाच."

"हो, मावशी."

नंतर मी चार-पाच वेळा एकटा गेलो. प्रत्येक वेळी गल्लीनंच गेलो, कुणाच्या घरातून नाही. त्या दिवसांत मी फळ्यावर काय शिकवलं ते आठवत नाही. हृदयाचे कप्पे काढता काढता हात थांबायचा आणि पिल्लं आता उन्हात आली असतील असं मनात यायचं. एका संध्याकाळी आई आली. हडकलेली, कलत्या उन्हात अंगावरचा केस न् केस पेटल्यासारखा. पिल्लं तिच्या तोंडाला झोंबली. तिनं मान वर करून माझ्या दिशेला पाहिलं आणि तिच्या मागं त्या भिंतीवरचा तांबडा आकडा, सगळं एका चौकटीत आलं. माझ्या आयुष्यात असा फोटो मी पुन्हा काढला नाही.

त्याची एक प्रत मावशींना दिली. त्यांनी ती मेसच्या फळीवर, देवांच्या मागं उभी केली. पोरांनी विचारलं, मावशी, कुत्र्याची पिल्लं पाळली का? तर म्हणाल्या, "हाव. तुमच्यापेक्षा बरी हायत, वाढलं त्येवढं गुमान खातेत."

दुसरी प्रत मी संकेतस्थळावर चढवली.

यावर मी इतकी वर्षं विचार केलाय की आता त्यात नवं काही सापडत नाही. मी मावशींचा शब्द मोडतोय असं मला त्या घडीला खरंच वाटलं नाही. 'कुणाला' म्हणजे इथल्या लोकांना, असा मी अर्थ लावला. इंटरनेट म्हणजे पुणं, दुबई, अमेरिका. तिथं बसलेल्या माणसाचा आणि आमच्या माळावरच्या मेंढरांचा काय संबंध? फोटोखाली गावाचं नावसुद्धा लिहिलं नाही. नुसतं लिहिलं, 'मराठवाडा'. मला तो शब्द त्या गृहस्थाच्या नाकासमोर धरायचा होता. ज्या गल्लीत बसून मी हे करत होतो तिथूनच दर वर्षी शेकडो पोरं पुण्याला, हैदराबादला, अमेरिकेला जात होती, आणि त्यांना तिथवर पोचवण्याचाच मी पगार घेत होतो. पण इंटरनेटवर आपलीच माणसं बसलेली असतील हे माझ्या डोक्यात आलं नाही.

फोटो उतरला. आधी भिंतीची कड, मग आकडा, मग आईचे कान. खाली लोक लिहायला लागले. मागच्या दगडावरचा तो विटका आकडा काय सुंदर आलाय, कुणी लिहिलं, कसलं गूढ वाटतं. नाशिकच्या बाईंनी चित्र काढायची परवानगी मागितली. त्या गृहस्थानं लिहिलं, लातूरबद्दलचे शब्द परत घेतो. मी कॅफेत बसून ते वाक्य किती तरी वेळा वाचलं. आठवड्याचं चित्र निवडायला लोक मतं देत, शनिवारपर्यंत. माझा फोटो सगळ्यांच्या पुढं होता.

बुधवारी एका मुलानं लिहिलं. मुलगा म्हणजे नोकरी करणारा, हैदराबादला. त्यानं लिहिलं: हे आमचं जुनं गाव आहे का? तो आकडा भूकंपानंतरच्या पाहणीत घरांवर टाकलेला आहे. एकशे सत्तावीस म्हणजे मारुतीच्या मागची आळी. आमचं एकशे बत्तीस होतं.

मला तो आकडा काय आहे ते तेव्हा कळलं. भूकंपानंतर प्रत्येक पडक्या घराला एक नंबर मिळाला होता. पत्र्याच्या शेडसाठी, घोंगड्यांसाठी, धान्यासाठी, सगळ्या रांगांत तोच नंबर सांगायचा. तिथल्या लेकरांना आपला आणि शेजाऱ्यांचा नंबर पाढ्यासारखा पाठ झालेला. मी हदगावचा. मला तो तांबडा रंग नुसता चौकटीत शोभून दिसला होता. फोटो वरून बोटभर कापला असता तरी चाललं असतं. मी नव्हता कापला, फोटोची खोली कमी झाली असती म्हणून.

मी त्याला उत्तर लिहिलं: नाही, हे हदगावकडचं आहे.

खोटं इतकं सरळ लिहिता येतं हे मला माहीत नव्हतं. शुक्रवारी त्याचं पुन्हा आलं. तो चिडलेला नव्हता, उलट आनंदात होता. "तुम्ही काहीही म्हणा, मला खात्री आहे. मी गावाकडं काकांना फोन केला. म्हटलं, आपल्या जुन्या गावात लांडग्यानं घर केलंय. ते म्हणाले, आज हॉटेलात सगळ्यांना सांगतो, जाऊन बघून येतो."

हे मी शुक्रवारी वाचलं. त्याच वेळी उठून, मोटरसायकलला किक मारून, तासाभरात तिथं पोचता आलं असतं. मावशींना सांगता आलं असतं. त्यांनी दिराला सांगितलं असतं, चार समजूतदार माणसं मध्ये पडली असती. निदान फोटो काढून टाकता आला असता. मी म्हटलं, मतं शनिवारी संपतात. काका म्हातारे असतील, जाणार नाहीत. मी म्हटलं, उद्या सकाळी बॅच आहे.

शनिवारी माझा फोटो आठवड्याचं चित्र ठरला. रविवारी मी गेलो.

पेवाच्या तोंडात दगड भरले होते, त्यांच्यावर बाभळीच्या फांद्या, त्यांच्यावर आणखी दगड. काम नीट, बैठकीत बसून केल्यासारखं. मेंढरं राखणाऱ्या माणसांना मी दोष देत नाही, त्यांची कोकरं गेलेली होती. आजूबाजूच्या धुळीत आईची पावलं गोल गोल, गोल गोल उमटलेली. एक जागा तिनं पंजांनी उकरलेली. मी तिथं उभा राहिलो. दुपार होती, होला घुमत होता, सगळं येळवशीच्या दिवसासारखंच दिसत होतं. मी त्या फांद्यांना हात लावला नाही. काटे होते म्हणून नाही. दगड काढले तर आत काय आहे ते बघावं लागलं असतं. थोड्या वेळानं मी निघालो आणि निघताना सरळ गेलो, लोकांच्या घरांतून.

दुसऱ्या दिवशी फोटो काढून टाकला. सगळ्यांनी विचारलं का, तर काहीतरी तांत्रिक अडचण सांगितली. नाशिकच्या बाईंचं चित्र तेवढं तिथं राहिलं. त्यांनी आकडा गाळला होता.

आठवड्यानं मावशींना दिराकडून कळलं की पेव बुजवलं. कुणाकडून कसं समजलं ते गावात नीटसं कुणाला ठाऊक नव्हतं. मावशींनी फळीवरचा फोटो माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, तुमच्यापाशीच ठिवा. मग म्हणाल्या, माझ्याच पावलांवरनं गेले ते. सारखी जायची मी, धुळीत वाट पडली आसंल. मी काय म्हणालो? "असं काही नसतं, मावशी." समजूत घातल्यासारखं. त्या चार शब्दांच्या मागं मी पुढची सगळी वर्षं लपून राहिलो.

ती वर्षं तशी बरी गेली, हे सांगायची लाज वाटते. क्लासची नांदेडला शाखा निघाली, मला तिकडं पाठवलं. तिथं मी गोदावरीच्या काठी बसायचो. थंडीत सकाळी नदीवर धुकं असायचं आणि त्यातून चक्रवाक उतरायचे, जोडीजोडीनं, तांबूस. फोटो काढायचो आणि कुणाला दाखवायचो नाही. पुढं ते संकेतस्थळच बंद पडलं. लोकांच्या हातात फोन आले, फोटो आता वरून खाली उतरत नाहीत, एकदम समोर येऊन उभे राहतात. मला पुन्हा लातूरला आणलं तेव्हा मावशींच्या मेसचे पत्रे जाऊन स्लॅब पडला होता. त्यांचे केस पांढरे झाले होते. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, सर, वाळलाव. आणि वाढलं.

गेल्या वर्षीची गोष्ट. येळवस चार दिवसांवर आली होती. पोरं जेवून गेलेली, मी मागं राहिलो होतो. मावशी भाकरी थापत होत्या, भाजायला नवी बाई होती, शिरूर अनंतपाळकडची. तिनं सहज विचारलं, येळवशीला गावाकडं जाताव का, मावशी?

"रानात जाते दिराच्या," मावशी म्हणाल्या. "घराकडं न्हाई जात. माझं पाऊल चांगलं न्हाई, बाई. त्या घरात दोन येळा लेकरं गेली."

असं म्हणाल्या, जसं कुणी म्हणावं की मला वांगं सोसत नाही. आणि पुढचा गोळा घेतला.

माझा घास हातातच राहिला. मी म्हटलं, "मावशी, तुमच्या पावलानं नाही गेली. माझ्यामुळं गेली."

आणि सांगितलं. कॅफे, त्या गृहस्थाची थट्टा, फोटो, आकडा, हैदराबादचा मुलगा, हदगावची थाप. शुक्रवार, शनिवार, रविवार, ओळीनं. नवी बाई मध्येच कळशी घेऊन उठून गेली. मावशींचा हात थापत राहिला होता. दगडांचं सांगितलं तेव्हा थांबला.

"कितीजणाला दावला?"

"मोजता येणार नाहीत इतक्यांना."

"काय म्हणाले?"

"सुंदर आहे म्हणाले."

"कुणी इचारलं का, कुणाचं घर हाय म्हून?"

"एका पोरानं. त्याला मी खोटं सांगितलं."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. त्यांनी ती उतरवली, बघितली, बाजूला ठेवली.

"आत आवाज होता का?"

"नाही ऐकू आला."

"कान लावला होता का तुम्ही?"

"नाही."

मला वाटलं आता त्या मला जा म्हणतील, आणि मला ते हवंही होतं. जा म्हटलं असतं तर सुटलो असतो. त्यांनी परातीतलं पीठ पुसून एका जागी गोळा केलं.

"आगुदर दर वर्साला जायची मी, सर. नंतर इतके साल गेले न्हाई. माझ्या लेकीला वाटलं आसंल, आई रुसली."

माझ्या मनात एवढी वर्षं ती चार पिल्लं होती. ही पाचवी माझ्या ध्यानातच आली नव्हती.

मी म्हटलं, उद्या मी घेऊन जातो तुम्हाला, गाडीवर. त्या म्हणाल्या, नको. येळवशीची वाट बघणार न्हाई, उद्याच जाते, येष्टीनं. तुम्ही येऊ नका. मग उठल्या, हात धुतले आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "उंद्याच्याला सैपाकाचं तुम्ही बघा. भाकरी ही नवी बाई करंल. वरण-भात तुमच्याकडं. पोरं उपाशी ऱ्हायली न्हाई पायजेत."

दुसऱ्या दिवशी मी बॅच दुसऱ्या सरांना दिली आणि सकाळपासून मेसमध्ये उभा राहिलो. पन्नास पोरांची डाळ शिजवणं म्हणजे काय असतं ते मला माहीत नव्हतं. पातेलं इतकं मोठं की ढवळायला दोन्ही हात लागायचे. नवी बाई भाकरी थापता थापता माझ्याकडं बघत होती. पोरं आली, दारातच थबकली. एकजण म्हणाला, सर, तुम्ही? दुसरा म्हणाला, गप, आज प्रॅक्टिकल आहे सरांचं. मी वाढलं. ती खाली माना घालून जेवली आणि नेहमीपेक्षा लवकर उठली.

मावशी दिवस मावळताना आल्या. पायांवर माळाची पांढुरकी धूळ, पदराला कुसळं. मोरीत पाय धुतले, घोट घोट पाणी प्याल्या. तिथं काय दिसलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दगड तसेच होते का, कुणी काढले, त्यांनी काढले का, मला आजही ठाऊक नाही. त्यांच्या हातांवर काही ओरखडे होते. बाभळीत शिरलं तर कुणाच्याही हातावर येतात.

पातेल्यात तळाशी वरण उरलं होतं. त्यांनी पळीनं हातावर घेऊन चाखलं.

"मीठ न्हाई याच्यात."

"पोरं काही बोलली नाहीत."

"तुमाला कोण बोलणार? सर हाव तुम्ही."

त्यांनी मीठ टाकलं, पातेलं पुन्हा शेगडीवर चढवलं आणि उकळी यायची वाट बघत उभ्या राहिल्या. उकळी आल्यावर स्वतःला वाढून घेतलं आणि खाली बसल्या. आजवर त्यांनी मला कधी हातानं वाढून घेऊ दिलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी कोपऱ्यातल्या ताटांच्या चळतीकडं नुसतं बोट केलं. मी उठलो, ताट घेतलं, वाढून घेतलं आणि त्यांच्यापासून थोडं अंतर ठेवून जेवायला बसलो.